आरोप झालेला गायक परत येतो तेव्हा श्रोते काय करतात? (अनुभव धागा)

तंबोरा_जुळवा
काल यूट्यूबने आपणहून स्पेनच्या ऑपेरा गायकाची, प्लासिदो दोमिंगोची, जुनी चित्रफीत पुढे केली आणि २०१९चा ऑगस्ट आठवला. १३ तारखेला असोसिएटेड प्रेसची बातमी आली, नऊ बायकांचे लैंगिक छळाचे आरोप. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आणि सॅन फ्रान्सिस्को ऑपेराने लगेच कार्यक्रम काढून घेतले. त्याने आरोप नाकारले. आणि बाराच दिवसांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग महोत्सवात व्हेर्दीच्या 'लुइसा मिलर' ऑपेरासाठी तो मंचावर आला, अजून एक सूर लावलेला नाही आणि अख्खं सभागृह उभं!
ही टाळी कुठे पडली ते बघा. गाण्याआधी पडली तर ती माणसाला. आरियानंतर (ऑपेरातलं एकट्याचं गाणं) पडली तर गाण्याला. शेवटी सगळे उभे राहिले तर त्यात अर्धे शेजारी उठला म्हणून उठलेले. कुणी काय काय पाहिलंय, वाचलंय, लिहा. भांडू नका.

खर्जातला_सा
साल्झबर्गची तिकिटं काही महिने आधी जातात. ज्याला राग आला त्याने तिकीट परत केलं, विकलं किंवा घरी बसला. त्याची खुर्ची दुसऱ्या कुणीतरी घेतली, तीही दोमिंगोला ऐकायलाच. म्हणजे टाळी मोजताना गळून गेलेले मोजलेच जात नाहीत.
न्यूयॉर्कला काय झालं बघा. मेटला (मेट्रोपॉलिटन ऑपेरा) 'मॅकबेथ' होता. शनिवारी २१ सप्टेंबरला रंगीत तालीम झाली, दोमिंगो गायला. त्यानंतर कोरस आणि वादक मंडळींनी व्यवस्थापकाला धरलं. मंगळवारी, म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी, तो बाहेर. १९६८पासून तिथे गात होता. प्रेक्षकाला विचारलंच नाही कुणी. ज्यांना त्याच्यासोबत विंगेत उभं राहायचं होतं त्यांनी ठरवलं.

भाजी_चिरतेय
सा, अगदी. आणि तिकिटावर बारीक अक्षरात 'कलाकार बदलू शकतात' असतं, त्यामुळे बदली गायक आला तरी पैसे परत मागता येत नाहीत. गायक गेला म्हणून चिडणारे आणि गायक राहिला म्हणून चिडणारे, दोघेही त्याच खिडकीवर अडतात 😄

पुणेरी_खवट
पण सिद्ध कुठे झालंय? कोर्टात गेलंय का काही?

तंबोरा_जुळवा
कोर्टात नाही, चौकशीत. लॉस एंजेलिस ऑपेराने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घेतली, मार्च २०२०मध्ये निष्कर्ष आला. दहा तक्रारी विश्वासार्ह वाटल्या, पण नकार दिला म्हणून कुणाचं काम काढून घेतलं याचा पुरावा सापडला नाही. दोन्ही वाक्यं एकाच निष्कर्षातली. चाहते दुसरं वाक्य कापून फिरवतात, विरोधक पहिलं.

नियम_वाचा_आधी
खवटराव, आपल्याकडे तर चौकशीचा निकालच बाहेर येत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचं कलम १६ बघा. तक्रारीचा मजकूर, नावं, पत्ते, चौकशीतलं काही छापायला बंदी. न्याय मिळाला एवढं सांगता येतं, तेही कुणाची ओळख न कळता. म्हणून श्रोत्याला वर्षभराने फक्त एवढंच दिसतं की गायक पुन्हा मंचावर आहे. आत क्लीन चिट मिळाली, ताकीद मिळाली की तक्रारच झाली नाही, कळायला मार्ग नाही. मग अफवा.
दुसरी गोची मुदतीची. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, तक्रार समितीला पटलं तर आणखी तीन. दहा वर्षांनी सांगितलेली गोष्ट त्यात बसतच नाही. आणि 'गुरुजींच्या घरी शिकवणी, ते काय ऑफिस आहे का' असं म्हणणाऱ्यांसाठी: कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही आहे आणि कर्मचाऱ्याच्या व्याख्येत शिकाऊ माणूसही. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

मृदंगम_वेडी
चेन्नईचं लिहिते, पटकन. ऑक्टोबर २०१८, म्यूझिक अॅकॅडमीने मीटूच्या आरोपांवरून डिसेंबरच्या संगीत सीझनमधून सात कलाकार वगळले. त्यात मृदंगम आणि व्हायोलिनवालेही होते. इथेच मेख आहे. मुख्य गायक परत आला तर पेपरात येतं. साथीदार परत आला तर पत्रिकेत खाली बारीक टायपात नाव, तिकीट तर लोकांनी गायिकेचं काढलेलं. हॉलमध्ये बसल्यावर कळतं की मृदंगमवर कोण आहे.
उठून जावं म्हटलं तर तेही कुणाला कळत नाही, कारण तनी आवर्तनम (मृदंगमवाल्याचं एकट्याचं वादन) सुरू झालं की निम्मा हॉल तसाही कॅन्टीनला जातो!! निषेध कुठला आणि रवा डोसा कुठला, मंचावरून ओळखू येत नाही.

भाजी_चिरतेय
चेन्नईच्या संगीत सभांच्या कॅन्टीनची फिल्टर कॉफी 😭 विषय काढलात

मृदंगम_वेडी
केळीच्या पानावर सगळं. जेवणाला अकराच्या आत गाठावं लागतं. बरं ते राहू दे.

पुणेरी_खवट
सवाईला निदान पोहे मिळतात. आणि सीझन तिकीट असल्यावर एका कलाकारावर बहिष्कार हिशेबात कसा दिसणार? पैसे आधीच भरलेत. त्या तासाला तुम्ही स्टॉलवर होतात की रागावून बाहेर, देव जाणे.

कानात_बोळे
ऑनलाईनचं कुणी लिहिलं नाही. स्पॉटिफायवर कलाकाराच्या पानावर तीन टिंबं, त्यात 'हा कलाकार वाजवू नका'. २०१९ला ही सोय आली तेव्हा एक भोक होतं: दुसऱ्याच्या गाण्यात तो पाहुणा असेल तर गाणं वाजायचंच. तीस सेकंदांच्या आत पुढे ढकललं तर ते ऐकणं मोजलं जात नाही. त्यामुळे 'बघू तरी परत येऊन काय गायलाय' म्हणून पूर्ण ऐकणारे आकडा वाढवतात. रागाने ऐकलेलंही ऐकलेलंच.
अमेरिकन गायक आर. केलीवर आरोप झाले त्या वेळी स्पॉटिफायने मे २०१८मध्ये त्याला आपल्या तयार यादींतून काढलं, ओरडा झाला आणि १ जूनला ते धोरणच मागे घेतलं. गाणी तर कधी उडवलीच नव्हती. यूट्यूबने त्याचे चॅनल काढले ते ऑक्टोबर २०२१मध्ये, दोषी ठरल्यावर. तरी इतरांनी चढवलेली गाणी तशीच.

शब्द_माझे_चाल_त्याची
एक विसरता. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्या हातून लिहून घेता येत नाही. म्हणजे गायकावर रागावून गाणं बंद केलं की गीतकाराचा पैसाही थांबतो, त्या बिचाऱ्याचा काय दोष. आरोप संगीतकारावर असेल तर उलटं: गाणं दुसऱ्या गायिकेने नव्याने गायलं तरी त्याला वाटा जातोच. बहिष्कार घालायचा तर आधी आरोप कुणावर आणि वाटा कुणाचा ते बघा.

भाजी_चिरतेय
टीव्हीवर तर सगळंच वेगळं ना? 'इंडियन आयडॉल'चा तो आरोप झालेला परीक्षक २०१८ला गेला, २०१९ला परत, नोव्हेंबरात पुन्हा बाहेर. पुढे राष्ट्रीय महिला आयोगाने प्रकरण बंद केलं.

खर्जातला_सा
टीव्हीत तिकीट काढणारा कुणी नसतो, जाहिरातदार असतो.
परतीची एक युक्ती सांगतो, ओळखायला शिका: पहिला कार्यक्रम बहुतेकदा मदतनिधीचा. दोमिंगोने फेब्रुवारी २०२०मध्ये आधी माफी मागितली, दोन दिवसांत तिच्यातली हवा काढली. स्पेनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने त्याचे सरकारी नाट्यगृहातले प्रयोग रद्द केले. मग जून २०२१ला माद्रिदमध्येच रेडक्रॉससाठी गाणं, आणि लोक पुन्हा उभे. रेडक्रॉसच्या कार्यक्रमाबाहेर फलक घेऊन कोण उभं राहणार?

नियम_वाचा_आधी
ज्यांना खरंच काही करायचंय: पत्र आयोजकाला आणि प्रायोजकाला, पत्रिका छापायच्या आधी. एकदा छापली की 'आता खर्च झालाय' हे उत्तर ठरलेलं. पत्रात आरोपांवर निकाल देऊ नका, बदनामीची नोटीस येते. एवढंच विचारा: तक्रार समिती आहे का, तिच्या अध्यक्षांचं नाव फलकावर लावलंय का, साथीदार आणि स्वयंसेवक तिच्या कक्षेत येतात का. आणि तक्रारदार मुलीचे स्क्रीनशॉट फिरवू नका, तिच्या बाजूने लिहिताना सुद्धा. तिची ओळख फोडण्यात चाहत्यांपेक्षा सहानुभूतीवालेच पुढे असतात.

पुणेरी_खवट
हे बरं आहे. समितीवाला प्रश्न कॉपी करतोय.

कानात_बोळे
आयोजकाच्या पोस्टखाली प्रतिक्रिया बंद दिसल्या तर समजा पत्रं पोचलीत.

भाजी_चिरतेय
कुकर झाला, येते. मृदंगमताई, ते अकराच्या आत म्हणजे सकाळच्या कचेरीआधी (मैफिलीआधी) की नंतर??

मृदंगम_वेडी
कोणती सभा त्यावर आहे गं. व्यक्तिगत निरोप करते.