विषय: दिवाळीच्या कार्यक्रमासाठी पालक-फेटाचे त्रिकोण

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात समोशांच्या जोडीला पालक आणि फेटा चीज भरलेले फिलोचे (मैद्याच्या अतिशय पातळ तयार पदरांचे) त्रिकोण ठेवावेत, असा विचार आहे. हे त्रिकोण घरी करताना पदर हातातच तुटतात आणि भाजल्यावर खालची बाजू मऊ राहते, यावर उपाय काय? अंडे न घालता आणि आदल्या दिवशी करून ठेवून ते जमतील का? जाणकारांनी कृपया लिहावे.

खाद्यसमितीतर्फे

---

नमस्कार ताई,

या दोन्ही तक्रारींचे मूळ पाण्यातच आहे. पदरातला आवश्यक ओलावा उडून जातो आणि सारणातले नको असलेले पाणी त्यात मुरते. फिलोच्या पिठात मोहन नाममात्रच असते आणि पदर कागदासारखा पातळ, त्यामुळे उघडा राहिला की तो काही मिनिटांत वाळतो. त्यातून मेलबर्नमध्ये दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला असेल, तर तेवढाही वेळ मिळत नाही. म्हणून सारण तयार करणे, तूप पातळ करणे ही कामे आधी उरकून पाकीट सर्वांत शेवटी उघडावे. पदरांवर आधी कोरडे फडके आणि त्यावर घट्ट पिळलेले ओले फडके घालावे. ओले फडके थेट टाकले, तर वरचे पदर एकमेकांना चिकटून बसतात. इथे सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये न गोठवलेली फिलो मिळते, शक्यतो तीच घ्यावी. गोठवलेली आणल्यास पाकीट न उघडता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे.

सारणासाठी 500 ग्रॅम पालक चिरून, थोडे मीठ लावून अर्धा तास ठेवावा आणि मग फडक्यात बांधून असा पिळावा की मूठभरच उरेल. खरी मेहनत एवढीच, आणि बहुतेक जण ती टाळतात. त्यात 200 ग्रॅम कुस्करलेले फेटा, पातीचा कांदा, भरपूर शेपू आणि मिरपूड घालावी. फेटा खारवलेलेच असते, त्यामुळे वेगळे मीठ नको. अंड्याने सारण मिळून येते. त्याऐवजी दोन चमचे भाजलेला रवा घातला, तर उरलासुरला ओलावाही तो शोषून घेतो. ऑर्थोडॉक्स उपवासाच्या दिवसांत ग्रीक घरांतही अंडे आणि चीज दोन्ही वगळून पालकाची अशी पेस्ट्री करतात, तेव्हा अंड्याविना काही अडत नाही.

पदरांना बटरऐवजी साजूक तूप लावावे, कारण बटरमध्ये सुमारे 16 टक्के पाणी असते. दोन पदर तूप लावून एकावर एक ठेवावेत, साधारण 8 सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि टोकाशी चमचाभर सारण ठेवून पट्टी समोशाप्रमाणे घडी घालत जावे. मात्र ती थोडी सैल असावी, नाहीतर सारण फुगून पदर फुटतात. ओव्हन 190 अंशांवर आधीच तापवून, ट्रे खालच्या कप्प्यात ठेवून 20 ते 25 मिनिटे भाजावे आणि काढल्याबरोबर जाळीवर घ्यावे.

आदल्या दिवशी भाजून मात्र ठेवू नयेत. कच्चे त्रिकोण एका थरात गोठवावेत आणि न वितळवता थेट ओव्हनमध्ये घालावेत. पाचेक मिनिटे जास्त लागतील.

आपला,
एक सभासद

---

नमस्कार,

वरील कृतीत दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. फेटा बनवताना अनेकदा प्राण्यांच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करणारे विरजणासारखे द्रव्य) वापरतात, त्यामुळे काटेकोर शाकाहारी सभासदांसाठी वेष्टनावर वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचा उल्लेख आहे, याची खात्री करून घ्यावी. तुपाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. हे त्रिकोण सभागृहात गार झाल्यावर खाल्ले जाणार असतील, तर तूप थिजून जिभेवर जाणवते. तिथे ऑलिव्ह तेल बरे, त्यातही पाणी नसतेच. सभागृहातला ओव्हन मिळणार असल्यास तूपच वापरावे, हे मलाही मान्य आहे. तेव्हा खाद्यसमितीने तेवढे आधी विचारून कळवावे.

एक सभासद