मदत हवी आहे: एमएम ५४० च्या रोल केजला पाइप कुठला घ्यावा?

मुळशीचा_बैल:
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय. माझ्याकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे, कॅनव्हास हूडवाली, म्हणजे डोक्यावर कापडाशिवाय काही नाही. पिरंगुटच्या पुढे मित्राचं शेत आहे तिथं पावसाळ्यात आम्ही चिखलात घालतो गाड्या. मागच्या महिन्यात ओढ्याच्या काठाला गाडी डावीकडे कलली, एकदम हळू, पण भाचा शेजारी बसलेला त्यानं घाबरून हँडल सोडलं आणि हात बाहेर काढला जमिनीला टेकवायला. करंजाच्या झाडाला अडकली म्हणून हात राहिला. घरी हे कळलं आणि आता रोल केज (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) लाव नाहीतर जीप विक असा निकाल लागलाय.

तर झालंय असं की आमच्या ओळखीचा फॅब्रिकेटर म्हणतो ४० एनबी बी क्लास टाक, मी त्याच्यावर अख्ख्या शेड उभ्या केल्यात. भोसरीतला ट्यूबवाला म्हणतो सीडीएस, म्हणजे डायमधून ओढलेली बिनशिवणीची नळी घ्या. आणि भाचा म्हणतो मामा क्रोमोलीच (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील), बाकी सगळं भंगार. तिघंही छातीठोक बोलतात. नक्की कुठलं घेऊ, किती जाडीचं, आणि चॅसीला म्हणजे खालच्या सांगाड्याला बांधू की टबला, म्हणजे बॉडीच्या पत्र्याला? बजेट आहे पण उधळायचं नाहीये.

गियरकाका:
आधी तुझ्या शेडवाल्याचं. बी क्लास म्हणजे निळ्या पट्ट्याचा आयएस १२३९ चा पाइप, तो मुळात पाणी वाहून न्यायला केलेला. ४० एनबी म्हणजे बाहेरून ४८.३ मिमी, जाडी ३.२, मीटरला साडेतीन किलोच्या वर. आता गणित कर. तुला सहा मीटरच्या चार नळ्या लागतील असं धर, म्हणजे २४ मीटर, झाले ८५ किलो. तेच मेन हूप, म्हणजे सीटमागची मोठी कमान, ४५ बाय २.५ (व्यास आणि जाडी मिमीत) आणि बाकीचं ३८ बाय २.५ घेतलंस तर ५५ च्या आसपास बसतं. म्हणजे तीस किलो जास्तीचे तू कुठं चढवतोयस, तर डोक्याच्या वर. जी गाडी आधीच कलते तिच्यावर. शेड कलंडत नाही रे बाबा.

हे ४५ बाय २.५ मी मनानं नाही सांगत. एफआयए म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमांच्या अपेंडिक्स जे मध्ये कलम २५३ आहे त्यात मेन हूपला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २, बाकी नळ्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २, कोल्ड ड्रॉन सीमलेस, साधं कार्बन स्टील, टेन्साइल म्हणजे ताण सहन करायची ताकद कमीत कमी ३५० एमपीए असं दिलंय. १२३९ च्या पाइपला कमीत कमी ३२० ची अट. तू रॅलीला जाणार नाहीयेस पण कुणीतरी डोकं घालून ठरवलेले आकडे आहेत तर तेच घ्यावेत.

डोंगरवाट:
५० बाय २ घेतला तर वजन पण कमी आणि वाकायला पण ताठ ना? मग सगळे ४५ च का घेतात?

गियरकाका:
बरोबर, ताठपणा साधारण १५ टक्के जास्त आणि वजन दहाएक टक्के कमी. व्यास वाढला की असंच होतं. पण भिंत पातळ, दगडावर आपटली की चेमटते आणि चेमटली की तिथूनच दुमडते. आमच्याकडे सगळा काळा पाषाण, म्हणून मी ४५ म्हणतो. शिवाय २ मिमीला वेल्डरचा हात जरा चुकला की भोक.

बाजाची_पोरगी:
दादा, मी कॉलेजच्या बाजा टीममध्ये आहे, म्हणजे विद्यार्थी स्वतः ऑफरोड गाडी बनवतात त्या स्पर्धेच्या, फ्रेमचं काम माझ्याकडे असतं. तुमच्या भाच्याला सांगा ४१३०, म्हणजे त्याची क्रोमोली, छान आहे पण आम्हाला ती परवडते कारण आमची अख्खी गाडी हलकी असते आणि एकेका किलोसाठी मारामारी असते. नियमात आम्हाला २५ मिमी व्यास ३ मिमी जाडी आणि कार्बन कमीत कमी ०.१८ टक्के असं स्टील लागतं, किंवा मग तेवढीच ताकद आणि ताठपणा गणितानं दाखवायचा. आणि गंमत म्हणजे ताठपणा सगळ्या स्टीलचा सारखाच असतो, क्रोमोली फक्त मोडायला उशीर लावते. तिचा फायदा घ्यायचा तर जाडी कमी करायची, आणि मग टिगनं, म्हणजे सावकाश आणि बारकाईनं करायच्या आर्गॉन वेल्डिंगनं, नीट जोडणारा माणूस हवा. ४१३० चा जोड घाईत मिगनं (वायरफीड वेल्डिंगनं) मारला, वर ओलं फडकं ठेवून थंड केला, तर जोडाशेजारचा पट्टा कडक होतो आणि तिथंच तडकतो. पहिल्या वर्षी आमचा एक जोड असाच गेला, टेस्टिंगलाच, आत कुणी नव्हतं म्हणून ठीक. शेडवाल्याकडून करून घेणार असाल तर साधं स्टीलच बरं.

मुळशीचा_बैल:
वा, डोळे उघडले. म्हणजे क्रोमोली बाद, भाच्याला वाचायला दिलंय, गप्प आहे. मग भोसरीतली सीडीएस. पण तो दुसरं एक सीडीडब्ल्यू पण दाखवत होता, स्वस्त आहे, म्हणतो काही फरक नाही. आणि चॅसी की टब ते राहिलंच.

भोसरीचा_वेल्डर:
फरक आहे आणि नाही पण. सीडीएस ला शिवण नसते. सीडीडब्ल्यू म्हणजे पट्टी गोल करून वेल्ड केलेली नळी नंतर डायमधून ओढतात, परदेशी व्हिडिओत डीओएम म्हणतात ते जवळपास हेच. चांगली असते ती, आमच्याकडे बरेच लोक वापरतात, एफआयएला मात्र सीमलेसच लागतं. साधी ईआरडब्ल्यू, म्हणजे वेल्ड करून नंतर न ओढलेली नळी, घेतली तर आत बोट घाला, शिवणीचा उंचवटा लागेल. तशी घ्यावीच लागली तर बेंड मारताना शिवण बाजूला ठेवायची, बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला नाही.

एक विचारा जरूर, नळी ओढून तशीच आणलीय का नंतर भट्टीत घातलीय. ओढून तशीच असेल तर ती कडक असते, बेंडला तडा जातो नाहीतर परत उसळते. अनीलिंग किंवा नॉर्मलायझिंग केलेली मागा आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा, हीट नंबर, म्हणजे ते स्टील कुठल्या घाणीतलं त्याचा नंबर, असतो त्यावर.

बेंड प्लंबरच्या हायड्रोलिक जॅकवर नका मारू भाऊ हात जोडतो. आतल्या अंगाला सुरकुती येते. रोटरी ड्रॉवाला, म्हणजे गोल डायभोवती नळी ओढून वाकवणारा, शोधा आणि आधी विचारा ४५ ची डाय आहे का, कारण पुष्कळांकडे पाइपच्याच डाय असतात ४२ आणि ४८ च्या, ४२ च्यात ४५ बसतच नाही आणि ४८ च्यात घातली की ढिली बसते आणि चेमटते. बेंडची त्रिज्या नळीच्या मध्यापासून व्यासाच्या तिप्पट तरी, म्हणजे १३५ मिमी. बेंड झाल्यावर व्हर्नियर लावा, लहान व्यास मोठ्याच्या ९० टक्क्याच्या खाली गेला तर ती नळी बाद, दुसरी घ्या, भांडण झालं तरी चालेल.

टबचं म्हणाल तर जुन्या जीपचा पत्रा बघा खालून, माझ्याकडे आलेल्या निम्म्या तर गंजानं चाळणी. नुसता पाय पत्र्यावर बोल्ट केला तर उलटल्यावर नळी पत्र्यातून खाली जाते, केज शाबूत आणि तुम्ही चेपलेले. कमीत कमी ३ मिमीची प्लेट, १२० चौरस सेंमी, वर पायाखाली आणि पत्र्याच्या खालून दुसरी, एकेका पायाला एम८ चे ८.८ ग्रेडचे तीन बोल्ट तरी. मी स्वतः एम१० चे टाकतो.

गियरकाका:
आणि काही पाय चॅसीला, काही टबला असं अजिबात नको. टब रबराच्या बुशवर बसलेला असतो, खड्ड्यात तो वेगळा हलतो चॅसी वेगळी हलते, मग जोड तरी तुटतो नाहीतर पत्रा फाटतो. सगळे पाय एकाकडेच. टबला बांधलंस तर बॉडी माउंटचे बोल्ट आधी बदल, ते पण तुझ्याच वयाचे असतील.

डोंगरवाट:
आरटीओचं पण बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करू देत नाही. ट्रेलरवर टाकून शेतात नेत असाल तर वेगळी गोष्ट, रस्त्यावर पकडलं तर केज दाखवून वाद घालू नका.

मुळशीचा_बैल:
अपडेट देतो. दोन दुकानं फिरलो. पहिल्याकडे ४५ बाय २.५ सीडीएस म्हणून ३०० मिमीचा तुकडा कापून घेतला, टोकाला व्हर्नियर लावला तर पावणेतीन दाखवतोय, मी खूश. घरी येऊन सहज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर ६४० ग्रॅम! काकांच्या हिशोबानं २.५ असती तर ७८५ च्या आसपास भरायला हवा होता. मग कळलं, करवतीनं कापलेल्या टोकाला बर, म्हणजे वर आलेली धातूची कोर, होती, त्याच्यावरूनच मी माप घेतलेलं. बर घासून परत मापली तर २ मिमी. नळी परत केली, दुकानदार म्हणतो तुम्ही सोनार आहात का. दुसऱ्याकडून सर्टिफिकेटसकट मिळाली, तिचा तुकडा ७९० भरला. बेंडवाल्याकडे ४५ ची डाय आहे.

शेडवाल्याला मी एक नमुना जोड करायला सांगितला, दुसऱ्या नळीवर नीट बसेल अशी फिशमाउथ खाच मारून, चारही बाजूनी फुल वेल्ड. आधी रुसला. मग स्वतःच व्हाइसमध्ये धरून घण घातला त्याच्यावर. पहिला जोड उघडला, आत नुसता वरवर चिकटलेला. करंट वाढवून दुसरा केला, त्यात नळी वाकली पण जोड नाही सुटला. आता त्यालाच जोर चढलाय, म्हणतो वरचे जोड छताच्या बाजूनं दिसत नाहीत म्हणून कुणी अर्धवट सोडतात, मी हूड काढूनच करणार.

शेवटचं, डोक्याजवळच्या नळीला फोम कुठला? भाच्यानं एसीच्या पाइपवरचा काळा स्पंज आणलाय.

बाजाची_पोरगी:
तो नको दादा, बोटानं दाबून बघा, तळ लागतो. डोकं पण तसंच लागेल. एसएफआय ४५.१ (रेसिंगच्या सुरक्षा सामानाचं मानक) लिहिलेलं कडक पॅडिंग मागवा आणि बेल्ट घट्ट ओढून, हेल्मेट घालून बसा, मग डोकं कुठपर्यंत जातं ते भाच्याला बसवूनच मापा. तेवढ्या भागाला लावा.