मदत हवी आहे: खांदा व कोपर शस्त्रक्रियेतील फेलोशिप आणि संशोधन पुरस्कार

नमस्कार. मी कोल्हापुरात अस्थिरोगतज्ज्ञ आहे. गंगावेश, मोतीबाग अशा तालमींच्या या शहरात खांदा वारंवार निखळणारे तरुण मल्ल माझ्याकडे नेहमी येतात. खांद्याच्या सांध्यातील खोबणीची पुढची कड बरीच झिजली असेल, तर फाटलेल्या ऊतींची दुर्बिणीतून केलेली शिवण बहुधा पुरत नाही. तेव्हा फ्रेंच सर्जन लाटार्जे यांनी १९५४ मध्ये मांडलेली, कोराकॉइड (खांद्याच्या फऱ्याचा पुढे आलेला भाग) या हाडाचा तुकडा त्या कडेवर स्क्रूने बसवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. महत्त्वाचे मज्जातंतू तिथे अगदी लगत असल्यामुळे ती अनुभवी सर्जनांच्या हाताखालीच शिकावी, असे माझे ठाम मत आहे.

वर्षभराची फेलोशिप (या शस्त्रक्रियांचे विशेष प्रशिक्षण) भारतात करावी, की काही आठवड्यांसाठी परदेशी केंद्रात निरीक्षक म्हणून जावे? विद्यावेतन कमी असले तरी चालेल, मात्र प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करायला मिळाली पाहिजे.

दुसरे असे की, या मल्लांचा किमान दोन वर्षांचा पाठपुरावा करून शोधनिबंध लिहायचा आहे. अमेरिकन शोल्डर अँड एल्बो सर्जन्स या संस्थेच्या नीअर पुरस्कारासारख्या सन्मानांसाठी ज्यांनी निबंध पाठवला असेल, त्यांनी नीतिसमितीची मंजुरी, रुग्णसंख्या आणि तुलनागट यांविषयी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.