दुसऱ्या भागात दोघींची ताटातूट: कथेची गरज की लेखनाची पळवाट?

कागदीहोडी

(रहस्यभेद आहे. खालच्या मालिका वाचायच्या असतील तर इथेच थांबा.)

दोन मुलींच्या प्रेमावर उभ्या असलेल्या किशोरवयीन फँटसी, ज्यांना सॅफिक म्हणतात, त्यांचे दुसरे भाग लागोपाठ वाचले की एकच युक्ती पुन्हा पुन्हा दिसते. पहिल्या भागाच्या शेवटी दोघींना तोडायचं आणि दुसऱ्या भागाची निम्मीअधिक पानं त्यांना वेगवेगळ्या मुलखांत फिरवायचं. 'क्रायर्स वॉर' (२०१९) मध्ये आयला ही मानवी दासी आणि क्रायर ही सार्वभौम हेसोडची घडवलेली, ऑटोमा (माणसासारखी पण कृत्रिम) जातीची मुलगी. दासी सूड घ्यायला महालात शिरते, सुरी घेऊन क्रायरच्या पलंगाशी उभी राहते, हात उचलत नाही, ती पळते. तिथे पुस्तक संपतं. 'आयर्न हार्ट' (२०२०) उघडलं की आयला वार्न राज्यात राणी जूनकडे, क्रायर किनॉकशी ठरलेलं लग्न टाळून दुसरीकडे.

पहिल्या भागाचं इंजिन होतं गुपित. एका खोलीत दोघी आणि एकीच्या मनात खून. केस विंचरणं, पेहराव चढवणं, जेवणाच्या वेळी मागे उभं राहणं, या प्रत्येक प्रसंगाला त्यामुळे धार होती. गुपित फुटल्यावर नवा अडसर शोधावा लागतो आणि सगळ्यात स्वस्त अडसर म्हणजे अंतर. त्यासाठी दोघींच्या स्वभावातून काही काढावं लागत नाही, नकाशावर दोन ठिपके पुरतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे: प्रेमकथा म्हणून विकलेल्या पुस्तकाच्या उत्तरार्धात दोघी एकत्र दिसल्या पाहिजेत. नाहीतर ती युद्धकथा आहे, तसं मुखपृष्ठावर छापा.

तिसरीघंटा

साफ असहमत. आयला नोकर आहे. क्रायर तिला बोलावू शकते, थांबवू शकते, हाकलू शकते. हेसोडच्या माणसांनी आयलाचं घर संपवलं आहे. अशा दोघी महालातच राहून जवळ आल्या असत्या तर आयलाच्या होकाराला किंमत किती? दासीला 'नाही' म्हणता येत नसेल तर तिचं 'हो' मोजता येत नाही. मालकीण-दासी हे नातं तोडायचं तर दासीला महालाबाहेर काढावंच लागतं. आणि क्रायरलाही. बापाचं घर, नवरदेव, हार्टस्टोनचा रोजचा पुरवठा हे सगळं मागे टाकून ती बाहेर पडते, तेव्हा पहिल्यांदा स्वतः काहीतरी मोजते. ऑटोमांना जगायला हार्टस्टोन लागतो आणि तो आयर्न हार्ट नावाच्या खाणीतून येतो, म्हणजे घर सोडणं तिच्यासाठी जिवावरचं आहे.

ही ताटातूट पळवाट नव्हे. प्रेम बरोबरीचं व्हावं म्हणून मोजलेली ती किंमत आहे.

कागदीहोडी

बरोबरीचा मुद्दा मान्य. पण बरोबरी झाली हे दाखवायला दोघी समोरासमोर हव्यात ना? स्वतंत्र झालेली आयला आणि घर सोडलेली क्रायर एका चुलीशी बसून काय बोलतात, कोण आधी माफी मागतं, सुरीचा विषय कोण काढतं, हे उत्तरार्धाचं खरं द्रव्य आहे. भेट उशिरा ठेवली की तेवढ्यात लढाई येऊन उभी राहते आणि तो संवाद चार ओळींत उरकतो.

पानपलटी

दोघेही 'अंतर' या एकाच शब्दावर भांडताय. मला वाटतं दोष अंतरात नाही, निवेदनाच्या कोनात आहे. तीन मालिका शेजारी ठेवून बघा.

'आयर्न हार्ट'मध्ये प्रकरणं आलटूनपालटून येतात, एक आयलाचं, एक क्रायरचं. दोघी दूर असल्या तरी वाचक दोघींच्या मनात आहे. एकीच्या प्रकरणातली शंका पुढच्या प्रकरणात दुसरीकडून उलगडते. म्हणजे दोघी भेटत नसल्या तरी पानावर त्यांचं बोलणं चालूच आहे.

'वी सेट द डार्क ऑन फायर' (२०१९) बघा. मेदिओ नावाच्या बेटावर सरदार घराण्यातल्या पुरुषाला दोन बायका असतात, कारभार बघणारी प्रिमेरा आणि घर व मुलं बघणारी सेगुंडा. डॅनी प्रिमेरा, कारमेन सेगुंडा, आणि त्या एकमेकींच्या प्रेमात पडतात. पहिला भाग डॅनीच्या नजरेतून. शेवटी कळतं की कारमेन 'ला वोस' या बंडखोर संघटनेची आहे. दुसरा भाग, 'वी अनलीश द मर्सिलेस स्टॉर्म' (२०२०), पूर्ण कारमेनच्या नजरेतून आहे. ती बंडखोरांच्या तळावर परतते आणि डॅनीला मारण्याचा कट शिजतोय हे तिला कळतं. इथे एका फटक्यात दोन गोष्टी वाचकाच्या हातून जातात: जोडी तर जातेच, शिवाय जिच्या मनात आपण अख्खं पुस्तक काढलं ती डॅनीही आतून दिसेनाशी होते. वाचक तुटतात ते या दुहेरी तुटीमुळे. कारमेनचं पात्र माझ्या मते जास्त गुंतागुंतीचं आणि चांगलं लिहिलेलं आहे, तरीही.

तिसरी मालिका 'गर्ल्स ऑफ पेपर अँड फायर'ची. लेई प्रथमपुरुषी सांगते. दुसऱ्या भागात, 'स्टॉर्म अँड शॅडो' (२०१९) मध्ये, लेई आणि तिची प्रेयसी रेन बहुतेक वेळ एकाच तांड्यात आहेत, टोळ्यांचा पाठिंबा मिळवत इखारा हे राज्य पालथं घालतायत. कागदीहोडी मागते तेच, दोघी एकत्र! आणि वाचकांची सर्वात मोठी नाराजी याच भागावर आहे.

उत्तरार्ध हातात आला की अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने खुणा करून बघा. दोघी एका जागी असलेल्या प्रकरणाला एक खूण, दूर पण दोघींचं मन दिसतं त्याला दुसरी, फक्त एकीचं मन आणि दुसरी गायब त्याला तिसरी. तिसरी खूण सलग पाच-सहा प्रकरणं आली की पुस्तक तिथेच खचतं. पहिल्या दोन खुणांची सरमिसळ कितीही चालते.

रातराणी_११

'स्टॉर्म अँड शॅडो'ची बाजू मांडते, कारण त्या पुस्तकावर अन्याय होतो.

पहिल्या भागात लेई राजाच्या 'कागदी मुलीं'पैकी, म्हणजे रखेल्यांपैकी एक. दरवर्षी आठ निवडतात, त्या वर्षी ती नववी. तिच्यावर राजाने केलेला अत्याचार पुस्तक लपवत नाही, सुरुवातीलाच तशी पूर्वसूचना छापलेली आहे. महालातून सुटल्यावर पुढच्याच पानापासून ती हसतखेळत प्रेम करू लागली असती, तर ते खोटं ठरलं असतं. ती दारू पिते. आधी झोप लागावी म्हणून घोट, मग दिवसा, मग लपवून, मग रेनने विचारलं की चिडून. रेन लहानपणापासून दत्तक बाप केतई हानोच्या हाताखाली शस्त्र म्हणून वाढलेली. तिला विजय दिसतो, मेलेले कमी दिसतात. एकीला जखम बोलून दाखवता येत नाही, दुसरीला ती दिसत नाही. यातून भांडणं होणारच. वरून लोवा, मार्जार टोळीची सेनापती आणि रेनची जुनी प्रेयसी.

वाचक म्हणतात, "आमची जोडी बिघडवली." माझं उत्तर: बिघडवली राजाने, पहिल्याच भागात. दुसऱ्या भागाने फक्त त्याचा हिशेब मांडला. किशोरवयीन वाचकाला हे दाखवायलाच हवं, की सुटका म्हणजे बरं होणं नव्हे.

कागदीहोडी

दारूचा धागा मलाही पटतो. लोवाचा नाही. असूया आणण्यासाठी जुनी प्रेयसी मध्ये आणणं हाही स्वस्त अडसरच, नकाशाऐवजी माणूस. लेई-रेनमध्ये इतकं खरं भांडण असताना त्याची गरज काय होती?

रातराणी_११

लोवा फक्त असूयेसाठी नाही. लेईच्या आधीची रेन कोण होती हे सांगणारं तिच्याइतकं जवळचं माणूस तांड्यात दुसरं नाही. ती काढली तर रेनचा भूतकाळ रेननेच सांगावा लागेल, आणि न सांगणं हाच तर तिचा स्वभाव आहे.

निळीशाई

वाचक ताटातुटीला इतके का घाबरतात, याचं कारण पुस्तकाबाहेर आहे आणि त्यावर अजून कोणी बोललं नाही. मार्च २०१६ मध्ये 'द हंड्रेड' या टीव्ही मालिकेत लेक्साला मारलं. नायिका क्लार्कशी जवळीक झाल्यावर काही मिनिटांत, दुसऱ्यावर झाडलेली गोळी लागून. त्यावर जगभर संताप उसळला, कारण स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीने मरायचं हा जुनाच रिवाज होता. आपल्याकडे विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगमंचावर आलं १९८१ मध्ये, काळाच्या कितीतरी पुढे. तरी त्यातल्या मित्रा या मुलीचा शेवट आत्महत्येतच होतो.

हे सगळं पचवलेला वाचक दुसरा भाग उघडतो आणि दोघी वेगळ्या झालेल्या बघतो, तेव्हा तो विरह वाचत नाही, तो मरणाची वाट बघत पानं उलटतो. मुलगा-मुलीच्या कथेत वाचकाला शेवटची खात्री असते म्हणून विरह गोड लागतो. इथे ती खात्री नव्याने कमवावी लागते. त्यासाठी दर काही प्रकरणांनी दोघींमधला धागा हातात द्यावा लागतो: पत्र, निरोप, वस्तू, स्वप्न, काहीही. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत पूर्ण विरह आहे, पण विरहिणीचा जीव ज्याच्यात गुंतलाय तो ओळीओळीत हजर असतो. हजेरी लागते, भेट लागतेच असं नाही.

कागदीहोडी

ही हजेरीची गोष्ट पटली. माझी मागणी थोडी बदलते: भेट नसेल तर हजेरी द्या.

अनुस्वार

अनुवादाच्या अंगाने एक मुद्दा. 'आयर्न हार्ट' मराठीत आणायचं तर पहिला पेच 'तू' आणि 'तुम्ही'चा. इंग्रजीत आयला क्रायरला जे म्हणते त्यात हा फरक दिसतच नाही. मराठीत दासी 'बाईसाहेब, तुम्ही' म्हणणार. मग 'तू' कधी? त्या एका शब्दात अख्खी प्रेमकथा येते. शिवाय 'तुम्ही आलात' यात समोरची बाई की पुरुष कळत नाही, 'तू आलीस' यात कळतं. म्हणजे 'तू' म्हणताक्षणी ती एका मुलीला म्हणाली हेही कानावर पडतं. माझ्या मते पहिलं 'तू' पुनर्भेटीला ठेवावं.

दुसरा पेच दोन 'ती'चा. 'तिने तिचा हात धरला' यात कोणाचा कोणी? मराठीत निदान 'आपला' आहे, 'तिने आपला हात मागे घेतला' म्हटलं की गोंधळ मिटतो. बाकी ठिकाणी नावं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतील. लेईची कथा या बाबतीत सोपी, 'मी' आणि 'ती' वेगळ्या राहतात.

पानपलटी

पुनर्भेटीला 'तू' नको, फार ठरवून केल्यासारखं वाटेल. 'तू' आधी रागात सुटतं. नंतर ते मागे घेता येत नाही म्हणून राहतं.

तिसरीघंटा

दोघांच्याही आधीची एक जागा सुटतेय. आयलाच्या प्रकरणांत निवेदन तिच्या मनातून चालतं. पहिल्या भागात ती तोंडाने 'तुम्ही' म्हणते, पण जिचा खून करायचा तिला मनात 'त्या' कशाला म्हणेल? निवेदनात क्रायर पहिल्या पानापासून 'ती'च असणार, तिरस्काराची 'ती'. महालात प्रत्येक संवादाला 'तुम्ही' येऊन हे एकेरीपण झाकलं जातं. वार्नमध्ये क्रायर समोर नाही, म्हणून 'तुम्ही' म्हणायची वेळच येत नाही. प्रकरणामागून प्रकरण नुसती 'ती' उरते, आणि त्या 'ती'मधला तिरस्कार वाक्यावाक्याने ओसरतो, शब्द न बदलता. दोघी दूर असल्याशिवाय हे होणार नाही. अनुस्वार, ती वार्नची प्रकरणं आधी करून बघा, पुनर्भेटीची नंतर.