वृद्धाश्रमासाठी क्रोशाची पांघरुणे : लोकर कोणती आणि माप किती?

कोथरूडकर : नमस्कार. आमच्या सोसायटीतील आम्ही काही जणी येत्या थंडीपूर्वी शहरातील एका वृद्धाश्रमाला क्रोशाने विणलेली पांघरुणे देणार आहोत. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा काही रात्री 10 अंशांच्याही खाली उतरतो, आणि जाड रजई पुष्कळ आजी-आजोबांना पेलवत नाही. प्रत्येकीने चौकोन विणावेत व शेवटी ते जोडावेत, असा बेत आहे. शुद्ध लोकर घ्यावी की ॲक्रिलिक, आणि माप किती ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त परिचारिका : ही पांघरुणे धुतली कशी जाणार, हे आश्रमाला आधी विचारावे, कारण लोकरीची निवड त्यावरच ठरते. संस्थेत सर्वांचे कपडे एकत्रच यंत्रात पडतात, आणि शुद्ध लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की तिचे तंतू एकमेकांत अडकून पांघरूण आटते व कडक होते. ॲक्रिलिक धुलाईत टिकते; मात्र त्यावर गरम इस्त्री फिरू देऊ नये, नाहीतर वीण चपटी होऊन कायमची ढिली पडते.

दुसरी गोष्ट भोकांची. वृद्धांची त्वचा पातळ असते, बोटे वाकलेली असतात, काहींना लघवीची नळी लावलेली असते, आणि जाळीदार नक्षीत हे सारे अडकते. उंच खांबांची, म्हणजे लांब उभ्या टाक्यांची, वीण म्हणूनच टाळावी. मुक्या खांबांनी, म्हणजे अगदी बुटक्या टाक्यांनी, वीण भरीव होते, परंतु पांघरूण जड होते आणि लोकरही जास्त लागते. मला या दोहोंच्या मधल्या उंचीचा अर्धा खांब सर्वांत सोयीचा वाटतो. झालर, गोंडे, बटणे अजिबात नकोत. अंथरुणावर पायांवर घेण्यासाठी साधारण 90 × 120 सेंटिमीटर पुरते. चाकाच्या खुर्चीसाठी ते 75 × 90 च्या आसपास असावे, म्हणजे कडा चाकात जाणार नाही.

पेठेतली विणकर : माप ठरले तरी चौकोन जोडताना खरी पंचाईत होते, कारण कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. सर्वांनी एकाच जाडीची लोकर घ्यावी, पहिला चौकोन सुईच्या आकड्यावर न जाता पट्टीने मोजावा, आणि घट्ट हाताच्या व्यक्तीने अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई घ्यावी. ॲक्रिलिक निसरडे असते. त्यामुळे दोऱ्याचे टोक 15 सेंटिमीटर तरी सोडून ते बोथट सुईने उलटसुलट दिशांनी ओवावे; नुसती गाठ मारून कापलेले टोक धुण्यात बाहेर येते. लोकर रविवार पेठेतून एकदमच आणावी, कारण त्याच रंगाची पुढची खेप थोडी वेगळ्या छटेची निघते.

कोथरूडकर : मनःपूर्वक आभार. पांढरा रंग स्वच्छ दिसेल, असे आमच्यातील काहींचे मत आहे. तो चालेल का?

निवृत्त परिचारिका : माझ्या मते नको. डाग राहतातच, शिवाय अंगावर पांढरे पांघरूण घातलेले पाहून कित्येक वृद्धांच्या मनात नको ते येते. मोरपंखी, मरून, हळदी असे रंग घ्यावेत. आणि तेथे जेवढे रहिवासी आहेत, तेवढी पांघरुणे तयार झाल्यावरच सर्व एकदम द्यावीत. शेजारच्या खाटेवर नवे पांघरूण आणि आपल्याला नाही, हे त्या वयात फार लागते.