परवा इंटर कॉलेज बास्केटबॉलची सेमी, समोर सहा फुटी सेंटर आणि २-३ झोन, हातात एकच प्रॅक्टिस... काय करू?

सातनंबरी

नमस्कार मंडळी. मी मुलींच्या टीमची कॅप्टन, पुणे जिल्ह्यातलं कॉलेज, नाव सांगत नाही कारण समोरच्या टीममधलं कोणीतरी इथे असणारच. आज क्वार्टर कशीबशी काढली आणि परवा सकाळी नऊला सेमी आहे. समोरच्यांची सेंटर सहा फूट, ज्युनियर स्टेट खेळलेली. आज आमची मॅच झाल्यावर त्यांची पूर्ण बसून बघितली, मोबाईलवर दोन क्वार्टर शूट पण केलेत. ती पळत बिळत फार नाही, पोस्टवर, म्हणजे बास्केटजवळ, उभी राहते, वरून बॉल येतो, वळते आणि टाकते, चुकला तर स्वतःच रिबाउंड घेऊन परत टाकते, बास एवढंच, पण तेवढ्यातच मॅच संपते. डिफेन्सला त्या २-३ झोन (दोघी पुढे, तिघी मागे, प्रत्येकीने आपली जागा सांभाळायची) लावतात आणि ही मधोमध उभी, म्हणजे ले-अपला आत गेलं की बॉल डोक्यावरून बाहेर.

आमच्यात सगळ्यात उंच पाच सहा. बाहेरून शूटिंग दोघींचं बरं आहे, बाकी देवाच्या भरवशावर. उद्या पाच ते साडेसहा ग्राउंड मिळालंय, मग व्हॉलीबॉलवाले येतात. लिस्टमध्ये बारा जणी पण खऱ्या खेळणाऱ्या आठ, त्यात एकीचा घोटा आज मुरगळला. सर खूप सपोर्ट करतात पण ते मुळात कबड्डीचे, त्यांचं एकच, "दम धरा पोरींनो". टीममध्ये दोन गट पडलेत, एक म्हणतो आपल्या पाच सहावालीला तिच्या मागे चिकटवून ठेवायची, दुसरा म्हणतो फुल कोर्ट प्रेस (पूर्ण कोर्टभर बॉलवालीला दाबायचं) लावायचा आणि पळवून मारायचं. अशा टीमशी कोणी खेळलंय का?

इंडियानाकर

मूळचा सांगलीचा, शिकलो अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीला, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून जखमेवर मीठच पडलं. आमच्याकडे झॅक एडी होता, सात फूट चार इंच, आणि आम्ही एक नंबर सीड, म्हणजे सगळ्यात वरच्या मानांकनाचे होतो. १७ मार्च २०२३, कोलंबसला एनसीएएची (तिकडची कॉलेजांची स्पर्धा) पहिल्या राउंडची मॅच, समोर सोळा नंबर, म्हणजे सगळ्यात खालचं सीड, फेअरली डिकिन्सन. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, ३६३ टीमा होत्या आणि त्यात सरासरी उंचीत ही सगळ्यात बुटकी, त्यांचा गार्ड डिमिट्री रॉबर्ट्स पाच फूट आठ इंच. आदल्या सीझनला हे लोक २६ पैकी ४ मॅच जिंकलेले. कोच टोबिन अँडरसन त्याच वर्षी डिव्हिजन टूमधून आलेला आणि येताना तिथले आपले दोन-तीन प्लेअर घेऊन आलेला. आणि तयारीला वेळ किती, तर बुधवारी डेटनला एक मॅच जिंकले आणि शुक्रवारी आमच्याशी, म्हणजे तुझ्याएवढाच. आम्ही हरलो, ६३-५८.

आता त्यांनी केलं काय ते बघ, कारण तुझ्या दोन्ही गटांचं उत्तर त्यात आहे. एडीच्या मागे उभं राहून त्याला अडवायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. एकजण त्याच्या पुढे, म्हणजे बॉल आणि एडीच्या मधे, आणि एकजण मागे. आणि मुख्य म्हणजे बॉल आणणाऱ्या गार्डवर सतत प्रेशर, आमचे दोन्ही गार्ड फ्रेशर होते, त्यांना मान वर करून पोस्टवर पास टाकायला वेळच मिळेना. सोळा टर्नओव्हर झाले, म्हणजे सोळा वेळा बॉल हातचा गेला. तरी एडीने २१ पॉइंट आणि १५ रिबाउंड काढलेच, पण शेवटच्या नऊ मिनिटांत त्याला शॉटच मारता आला नाही. बाकीचे बाहेर मोकळे होते, ते मारत बसले आणि २६ थ्रीमधले (तीन पॉइंटचे लांबचे शॉट) ५ पडले. नशीब पण होतं यात, कोणी काही म्हणो, आमचे आणखी तीन पडले असते तर आज ही गोष्ट सांगायला मी इथे आलो नसतो.

म्हणून त्या सहा फुटीला सोड. तिला बॉल कोण देतं? तुझ्याकडे व्हिडिओ आहे ना, रात्री बसून फक्त एवढंच बघ की पोस्टवर पास कोण टाकते, कुठल्या बाजूने, आणि डाव्या हाताने ड्रिबल करते का.

ऑरेंजसिटी_कोच

इंडियानाकर यांचं बरोबर पण अर्धंच. मी नागपुरात मुलींना शिकवतो, तेव्हा अमेरिकेतलं उचलून इथे लावताना जरा हात आखडता घेतो. त्या टीमने तो प्रेस सीझनभर खेळलेला होता, त्यांची रोजची भाजीभाकरी होती ती. ज्यांनी कधी फुल कोर्ट प्रेस केलाच नाही त्या आठ मुलींना, त्यातली एक लंगडी, चाळीस मिनिटं प्रेस लावायला सांगितलं तर दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी जिभा बाहेर येतील आणि तिसऱ्यात वीस पॉइंटचा मार खाल. आणि मोडलेला प्रेस म्हणजे समोरच्याला फुकटचा ले-अप.

काय करायचं सांगतो. प्रेस फक्त आपली बास्केट पडल्यावर किंवा आपल्या फ्री थ्रोनंतर, तोही पूर्ण नाही, एकच मुलगी, सगळ्यात पळणारी, बॉल आणणारीला तिच्या कमजोर हाताकडे ढकलत न्यायचं. बॉल चोरायचा नाहीच. हाफ कोर्ट पार करायला आठ सेकंद असतात, त्यातले सहा-सात खाल्ले आणि शॉटसाठीच्या चोवीस सेकंदांतले तेवढे गेले की खूप झालं. पोस्टवर बॉल जायलाच सतरा-अठरा सेकंद उरतात आणि मग घाईचे पास सुरू होतात.

ती सेंटर पळत नाही हे तू स्वतः लिहिलंस आणि पुढे विसरलीस, मला तर सगळ्या पोस्टमध्ये तेच महत्त्वाचं वाटलं. झोन लागायला ती मागे पोचायला पाहिजे ना. रिबाउंड मिळाला की आउटलेट पास (लगेच पुढच्या मुलीकडे) आणि पळा, ती हाफ लाइनवर असताना शॉट झालेला पाहिजे. पाच सहावालीचं काम मारामारी करणं नाही, दर वेळी तिच्या आधी दुसऱ्या टोकाला पोचणं. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत सहा फुटीची छाती भरून येते की नाही बघ.

झोन लागलाच तर बाहेरून आजूबाजूला बॉल फिरवत बसू नका, बहुतेक कॉलेज टीमा हेच करतात आणि बावीसाव्या सेकंदाला कोणीतरी आंधळा थ्री फेकते. २-३ झोनचं दुखणं म्हणजे फ्री थ्रो लाइनचा मध्य. तिथे एक मुलगी घुसवा, उंच नको, डोकं असलेली आणि पास देणारी. बॉल तिच्या हातात आला की सेंटरपुढे दोनच रस्ते, वर आली तर तिच्या मागे बेसलाइनला जी उभी असेल तिला पास आणि सोपी बास्केट, वर आली नाही तर तिथूनच पंधरा फुटांचा मोकळा शॉट. आणि झोनमध्ये कोणी कोणाला बॉक्स आऊट करायचं (अंगाने अडवून रिबाउंडपासून लांब ठेवायचं) हे ठरलेलं नसतं, त्यामुळे ऑफेन्सिव्ह रिबाउंडला जागा असते, बुटक्यांना पण.

शिट्टीवाला

मी गेली बरीच वर्षं इंटर कॉलेज आणि डिस्ट्रिक्टला ऑफिशिएट करतो. कोणाच्या बाजूने बोलत नाही, नियम तेवढे सांगतो, कारण वरच्या गोष्टी एनसीएएच्या आहेत आणि तुम्ही खेळणार फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय, नियमांनी.

पोस्ट प्लेअरच्या पुढे उभं राहायला पूर्ण परवानगी आहे आणि डिफेन्सला तीन सेकंदांचा नियम फिबात नाही, तो एनबीएचा. म्हणजे तुमच्या दोघी पेंटमध्ये (बास्केटखालचा आखलेला चौकोन) कितीही वेळ थांबू शकतात. तीन सेकंद त्या सेंटरला लागतात, तिची टीम अटॅकला असताना तिला पेंटमध्ये त्याहून जास्त थांबता येत नाही. रेफरीशी वाद घालायचा नाही, पण पहिल्या क्वार्टरनंतर कॅप्टन म्हणून शांतपणे "सर, तीन सेकंद बघाल का" एवढं विचारलं तर कोणी रागावत नाही.

फाऊलचं नीट ऐका. तिथे एनसीएएत मुलांची मॅच वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफची, टीम फाऊल हाफभर साठतात. आपल्याकडे दर क्वार्टरला नव्याने मोजतात, चार झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. तेव्हा प्रेसमध्ये हात लावायची सवय असलेल्या मुली पहिल्या तीन मिनिटांत चार फाऊल करून बसतात आणि पुढची सात मिनिटं समोरची टीम लाइनवर. प्रेस करा पण पायाने करा, हात मागे.

ती वळून शॉट टाकते तेव्हा खाली हात मारू नका, तुमच्या मुली बुटक्या आहेत त्यामुळे हात तिच्या कोपरावरच बसणार आणि शिट्टी वाजणारच. सरळ उभं राहून दोन्ही हात वर, अंग तिच्या अंगावर टाकायचं नाही.

सातनंबरी

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक यू! आत्ता हॉस्टेलवर सगळ्या जमून व्हिडिओ बघितला. इंडियानाकर काका तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पोस्टवर जवळजवळ सगळे पास एकटी चार नंबरच टाकते आणि ते पण उजव्या विंगवरून, डावीकडे नेलं की ती थांबते आणि दुसरीला देऊन टाकते. चार नंबर बेंचवर होती तेव्हा सेंटरला बॉल मिळालाच नाही जवळपास, ती हात वर करून उभी.

दोन शंका. पुढे उभं राहिलं तर डोक्यावरून लॉब (उंच पास) टाकतील त्याचं काय? आणि दीड तासात हे सगळं बसवू कसं, मला तर आत्ताच टेन्शन आलंय.

हार्वर्डची_फॅन

मधेच घुसते. सोळा नंबर सीडने एक नंबरला हरवायचं म्हटलं की सगळे मुलांच्याच मॅच सांगतात, २०१८ ची यूएमबीसी विरुद्ध व्हर्जिनिया आणि ही पर्ड्यूची. हे सगळ्यात आधी मुलींनी केलंय, १९९८ ला हार्वर्डने स्टॅनफर्डला त्यांच्याच कोर्टवर ७१-६७ हरवलं, अॅलिसन फीस्टरचे ३५ पॉइंट. स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडू जखमी होत्या हे खरं, पण मॅच ती मॅच. बाकी चालू द्या.

इंडियानाकर

@हार्वर्डची_फॅन मान्य, शंभर टक्के.

@सातनंबरी लॉब टाकणारच. म्हणून तर एक मागे. मागची मुलगी म्हणजे दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यातल्या प्लेअरला धरणारी, तिने आपली मुलगी सोडून पेंटमध्ये यायचं. कोपऱ्यात कोणीतरी मोकळी राहील, राहू दे, त्यांच्यातलं कोण बाहेरून मारू शकत नाही ते व्हिडिओत बघ आणि तिलाच मोकळी सोड. आणि पास टाकणारीच्या तोंडासमोर हात असेल तर नीट लॉब टाकणं कॉलेजच्या लेव्हलला भल्याभल्यांना जमत नाही.

आणि ग्राउंड दीड तासच आहे म्हणून घाबरू नको. इकडे टुर्नामेंटच्या काळात मोठमोठ्या टीमा हॉटेलच्या हॉलमध्ये कार्पेटवर टेप चिकटवून कोर्ट आखतात आणि चालत चालत समोरच्यांचे सेट, म्हणजे ठरलेल्या चाली, बघतात, घाम पण येत नाही. असिस्टंट कोच आधीच वाटून घेतात, याने या टीमचे व्हिडिओ बघायचे, त्याने त्या, म्हणजे रात्री जिंकलो की सकाळी कागद तयार. तुमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये खडूने पेंट आखा, सकाळीच वीस मिनिटं पुढे-मागे कोण उभी राहणार हे चालून बघा. ग्राउंडवर गेल्यावर समजावण्यात वेळ नको.

ऑरेंजसिटी_कोच

हो, पार्किंगची आयडिया झकास. ग्राउंडवर मग असं कर: पहिली दहा मिनिटं वॉर्म-अप, त्यानंतर अर्धा तास फक्त झोन ऑफेन्स, तुमच्या चार राखीव मुलींनी झोन लावायचा आणि मधे सेंटरच्या जागी तुमच्या सरांना लांब झाडू हातात घेऊन उभं कर. हसू नको, कोच लोक सगळीकडे करतात हे. झाडूवरून शॉट टाकायची सवय झाली की परवा सहा फुटाचा हात तेवढा भीतीदायक वाटत नाही. मग वीस मिनिटं डिफेन्स, चार नंबरला डावीकडे ढकलायचं आणि मागून मदतीला यायचं, एवढ्या दोनच गोष्टी. नवीन प्ले एकही नको, दोन दिवस आधी शिकवलेला प्ले मॅचमध्ये फक्त गोंधळ घालतो. शेवटी दमलेल्या असताना फ्री थ्रो, प्रत्येकीने दहा. घोटा मुरगळलेलीला पळवू नको, तिला हाय पोस्टवर (तोच फ्री थ्रो लाइनचा मध्य) उभी करून पास टाकू दे, आणि सूज असेल तर तेही नको, बर्फ लाव आणि डॉक्टरला दाखव.

आणि सर कबड्डीचे आहेत हे तुला अडचण वाटतंय, मला फायदा वाटतो. बॉक्स आऊट म्हणजे काय, कंबर खाली, पाय रुंद, समोरचीला मागच्या मागे दाबून धरायचं, हात न लावता. कोपऱ्यावरच्या कबड्डीपटूएवढं खाली बसायला कोण शिकवणार दुसरं? दहा मिनिटं त्यांच्या हवाली कर. उंचीचा उपयोग बॉल हातात आल्यावर, त्याआधी तिला रिंगणापासून दोन पावलं लांब ठेवली तर ती पण पाच सहाच.

सातनंबरी

सरांना झाडूचं सांगितलं, ते म्हणाले "मी मैदानात उतरलो तर एकही बास्केट होऊ देणार नाही" 😂 एवढे खूश पहिल्यांदाच बघितले. बॉक्स आऊटची दहा मिनिटं मागितली तर वीस पाहिजेत म्हणाले.

ठरलं ते असं: चार नंबरच्या मागे आमची सगळ्यात चिवट मुलगी लावतोय, तिला ऑफेन्सचं कामच द्यायचं नाही. पाच सहावाली पळणार. हाय पोस्टवर मी. प्रेस फक्त बास्केटनंतर, आणि फाऊल मोजायला बेंचवर एक जण कागद घेऊन बसणार. टाइमआऊट किती असतात हो? मागच्या वेळी मागायला गेलो तर संपलेले.

शिट्टीवाला

पहिल्या हाफला दोन, दुसऱ्याला तीन. पहिल्या हाफचे उरले तरी पुढे जात नाहीत. आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच घेता येतात, म्हणजे तिन्ही शेवटासाठी राखून ठेवले तर एक आपोआप जातो. त्यातला एक त्याआधीच वापरा, मुली दमल्या की. टाइमआऊट सरांनी स्कोअरर टेबलवर मागायचा, कोर्टवरून ओरडून मिळत नाही.

घोटा मुरगळलेलीचं नाव लिस्टमध्ये राहू दे, ऐनवेळी वाढवता येत नाही. मॅचच्या दहा मिनिटं आधी सरांनी स्कोअरशीटवर पहिल्या पाच जणी दाखवून सही करायची असते, तेव्हा जर्सीचे नंबर एकदा स्वतः वाचून घे.