पीसी चालू केला की बिलिंग आपोआप उघडत नाही

घणसोलीकर:
मंडळी मदत करा. बाबांचं स्टेशनरीचं दुकान आहे, विंडोज १०. त्यांचं म्हणणं एकच, बटण दाबलं की बिलिंग समोर पाहिजे, बाकी कशाला हात लावणार नाही. मी शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये (त्यातलं सगळं लॉगिन केलं की आपोआप उघडतं) टाकला, डबलक्लिक केलं की मस्त उघडतं पण पीसी सुरू केल्यावर काहीच नाही, एररसुद्धा नाही. मी तेव्हा ट्रान्स हार्बर लोकलला लटकलेला असतो आणि बाबांचे फोनवर फोन.

कळव्याचा बंड्या:
डबलक्लिक केल्यावर यस-नो विचारतं का?

घणसोलीकर:
हो, दरवेळी.

कळव्याचा बंड्या:
मग तेच. अ‍ॅडमिन परमिशन मागणारा प्रोग्रॅम विंडोज स्टार्टअप फोल्डरमधून उघडू देत नाही, गुपचूप अडवतं. शॉर्टकट काढ तिथून. टास्क शेड्युलर (ठरवलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारं विंडोजचंच टूल) उघड, क्रिएट टास्क घे (बेसिकवालं नको), रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेसला टिक, ट्रिगर अ‍ॅट लॉग ऑन, आणि डिले ३० सेकंद दे म्हणजे डेटाबेसला उठायला वेळ मिळेल. बाबांचं अकाउंट अ‍ॅडमिन असेल तरच हां.

रात्रपाळी:
लॉग ऑन कशाला, अ‍ॅट स्टार्टअप ठेव ना, पासवर्ड टाकायच्या आधीच चालू होईल.

कळव्याचा बंड्या:
होईल, पण दिसणार कोणाला? लॉगिनच्या आधी चालू झालेल्याची खिडकी स्क्रीनवर येतच नाही, बॅकअपला ठीक आहे ते, बिलिंगला नाही. त्यात फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन म्हणजे अर्धं हायबरनेटच (विंडोज पूर्ण बंद न होता झोपतं), मग अ‍ॅट स्टार्टअपवाला टास्क रिस्टार्टला चालतो आणि सकाळी बटण दाबल्यावर चालत नाही. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

घणसोलीकर:
केलं. आता उघडतं पण डेटा फाइल सापडत नाही म्हणतं 😭

रात्रपाळी:
अ‍ॅक्शनमध्ये स्टार्ट इन रिकामं सोडलंस ना? प्रोग्रॅमच्या फोल्डरचा पाथ टाक तिथे, अवतरण चिन्हं न लावता. नाहीतर तो बिचारा विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये डेटा शोधत बसतो.

कळव्याचा बंड्या:
लॅपटॉप असेल तर कंडिशन्समधली एसी पॉवरची (म्हणजे चार्जरवर असेल तरच चालव) टिक पण काढ, लाईट गेलेली असताना चालू केला तर टास्क उठणारच नाही.

घणसोलीकर:
स्टार्ट इनच होतं! आज फोन आला नाही. म्हणजे आला, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून.